टेट्रिसचे अलिखित कायदे

विटीदांडूचे नियम एका आळीत एक असतात, तर शेजारच्या आळीत दुसरे. तंटा उपस्थित झाला की त्यातल्या त्यात थोराड मुलगा निवाडा देतो आणि डाव पुढे चालू होतो. क्रिकेटचे नियम छापलेले आहेत. तरीही पंचाची नजर, मैदानाची रीत आणि खेळाडूंची सभ्यता यांवर पुष्कळसे अवलंबून असते. संगणकावर खेळावयाच्या खेळाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे मैदान म्हणजे यंत्र, सोंगट्या म्हणजे यंत्र आणि पंचही यंत्रच. यंत्राने जे घडू दिले ते नियमाला धरून झाले. जे घडू दिले नाही ते नियमाबाहेर. या निवाड्यावर अपील नाही. मग त्या यंत्राला आज्ञा लिहून देणाऱ्याच्या हातून एखादी चूक राहून गेली असेल तर? अशा वेळी ती चूकही कायदाच होऊन बसते. खेळणाऱ्याला तो कायदा कोणी सांगत नाही. ठेचा खाऊनच तो त्याला कळतो. असा अलिखित कायदा किती खोलवर जाऊ शकतो, हे पाहावयाचे असेल तर टेट्रिस या खेळाच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या खेळाचा जन्म मॉस्कोत झाला. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेय पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली ‘इलेक्ट्रोनिका ६०’ नावाच्या यंत्रावर तो प्रथम रचला. त्या यंत्राला चित्रे काढता येत नसत. त्यामुळे पहिले ठोकळे हे टंकलेखनातील कंसांच्या जोड्या मांडून दाखविलेले होते. चार चार चौरस जोडून होणाऱ्या सात आकृती. दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच अशी एक उभी चौकट. वरून एकेक ठोकळा खाली येतो, तो फिरवावा, सरकवावा आणि खालच्या थरात बसवावा. आडवी ओळ संपूर्ण भरली की ती नाहीशी होते. न भरलेल्या ओळी साचत साचत माथ्याला भिडल्या की खेळ संपतो. नियम एवढेच. लहान पोराला एका मिनिटात सांगता येतील असे हे शास्त्र आहे. पुढे वादिम गेरासिमोव्ह या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या साहाय्याने हा खेळ आयबीएमच्या यंत्रावर आला, हातोहात नकलून घेतला गेला आणि सोव्हिएत सीमा ओलांडून जगभर पसरला. भारतीय शहरांतील पुष्कळ घरांत १९९० नंतरच्या दशकात ‘ब्रिक गेम’ या नावाचे जे हातात मावणारे स्वस्त खेळणे शिरले, त्याच्या पडद्यावर पडत असत ते हेच ठोकळे.

शास्त्र एक असले तरी यंत्रे अनेक होती आणि प्रत्येक यंत्रासाठी आज्ञावली नव्याने लिहावी लागे. येथेच अलिखित कायद्यांचा उगम आहे. ठोकळा तळाला टेकल्यावर किती वेळ सरकविता येतो? भिंतीला खेटून असताना तो फिरतो की अडून राहतो? पुढचा ठोकळा कोणता, हे कशावरून ठरते? कळ दाबून धरली तर ठोकळा किती वेगाने सरकतो? मूळ नियमांत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. ज्याने त्याने आपापल्या सोयीने ते दिले आणि एकाच नावाचे अनेक खेळ झाले. त्यांपैकी ज्याची चिकित्सा सर्वांत अधिक झाली, तो म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली आपल्या घरगुती खेळयंत्रासाठी काढलेला टेट्रिस होय.

त्याचा पहिला अलिखित कायदा दैवाचा आहे. पुढचा ठोकळा यदृच्छेने येतो, असा सर्वांचा समज असे. सात ठोकळे आहेत, तेव्हा एकच ठोकळा लागोपाठ दोनदा येण्याची शक्यता सातांत एक असावयास हवी. प्रत्यक्षात ती सुमारे अठ्ठावीसांत एक एवढीच आहे. याचे कारण आज्ञावलीत आहे. यंत्र प्रथम आठ बाजूंचा फासा टाकते. आठवी, म्हणजे रिकामी, बाजू पडली किंवा मागचाच ठोकळा आला, तर सात बाजूंचा फासा पुन्हा एकदाच टाकते आणि त्या वेळी जे पडेल ते मान्य करते. पुनरुक्ती टाळावी एवढाच यामागचा हेतू दिसतो. पण जो सरळ दांडा चार ओळी एकदम उडवितो आणि ज्याच्यासाठी खेळाडू डोळ्यांत तेल घालून बसतो, तो किती काळात आलाच पाहिजे, याविषयी या कायद्यात अवाक्षर नाही. त्यामुळे दांड्याविना वीस वीस, तीस तीस ठोकळे निघून जातात. या काळाला खेळाडूंनी ‘दुष्काळ’ असेच नाव दिले आहे. दुष्काळात ढीग वाढू न देणे आणि सुकाळ येताच चार ओळी साधणे, हे या खेळातील शेतीचे सूत्र ठरले. दैवाचे सामर्थ्य किती असू शकते हेही पुढे गणिताने दाखवून दिले. हाइडी बर्गील या गणितज्ञ विदुषींनी १९९७ साली सिद्ध केले की, एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेले दोन नागमोडी ठोकळेच आळीपाळीने येत राहिले, तर कितीही निष्णात खेळाडू ६९,६०० ठोकळ्यांच्या आत हरतोच. खऱ्याखुऱ्या यदृच्छेने अनंतकाळ खेळ चालला, तर अशी दुर्दैवी मालिका कधी ना कधी येणारच. अर्थात् शुद्ध शास्त्राप्रमाणे या खेळात कायमचा विजय नाही.

दुसरा अलिखित कायदा कळीचा आहे, आणि खरा इतिहास घडला तो याच्यामुळे. या यंत्राच्या पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा नवे होते. अशा एकेका चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. डावी किंवा उजवी कळ दाबली की ठोकळा एक घर सरकतो. कळ तशीच दाबून धरली, तर यंत्र सोळा फ्रेम, म्हणजे सुमारे पाव सेकंद, थांबते आणि मग दर सहा फ्रेमना एक घर या चालीने ठोकळा सरकवू लागते. हे आकडे खेळासोबतच्या पुस्तिकेत नव्हते. खेळाडूंनी ते आधी बोटांनी ओळखले आणि नंतर आज्ञावली उलगडून मोजले. त्यातही एक बारकावा निघाला. सोळा फ्रेमची ती मोजणी नवा ठोकळा आला तरी पुसली जात नाही. कळ दाबलेलीच राहिली, तर पुढचा ठोकळा पाव सेकंदाचा विलंब न लावता सरकू लागतो. ठोकळा भिंतीवर रेटला तरीही ती मोजणी एकदम पूर्ण भरते. या मोजणीचे भांडार सांभाळून ठेवणे, ते चुकून रिते होऊ न देणे, ही एक स्वतंत्र कला झाली. वीस वर्षे थोर खेळाडू थोर ठरले ते मुख्यतः या कलेवर.

आता या कायद्याची गाठ वेगाच्या कायद्याशी कशी पडते ते पाहण्यासारखे आहे. पातळी चढत जाते तसा ठोकळा वेगाने पडतो. आरंभी तो अठ्ठेचाळीस फ्रेममध्ये एक घर उतरतो. एकोणिसाव्या पातळीपासून दोन फ्रेममध्ये एक. आणि एकोणतिसाव्या पातळीला प्रत्येक फ्रेमला एक. म्हणजे माथ्यापासून तळापर्यंतची वीस घरे तो एक-तृतीयांश सेकंदात ओलांडतो. कळ दाबून धरणाऱ्याला एवढ्या अवधीत फार तर तीन-चार घरे सरकता येते, आणि मध्यापासून कडेपर्यंत जावयास चार-पाच घरे लागतात. ढीग थोडा वाढलेला असला की तेवढाही अवधी उरत नाही. ठोकळे मध्येच साचतात आणि काही क्षणांत सारे आटोपते. ही मर्यादा कोणी नियम म्हणून लिहिली नव्हती. वेगाचा एक आकडा आणि कळीचा एक आकडा एकमेकांसमोर उभे राहिल्याने ती भिंत आपोआप उभी राहिली. पण सर्वांनी ती खेळाची शेवटची वेस मानली. अठराव्या पातळीपासून आरंभ केल्यास दोनशेतीस ओळींत ही वेस येते. तेव्हा त्या दोनशेतीस ओळींत जास्तीत जास्त गुण कसे मिळवावेत, हाच खेळाचा अर्थ ठरला. गुणफलकही ९,९९,९९९ च्या पुढे सरकत नसे. हॅरी हाँग यांनी २००९ साली तो आकडा प्रमाणित पुराव्यानिशी गाठला. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे या जुन्या टेट्रिसची पहिली जागतिक स्पर्धा भरली. जोनस न्यूबावर यांनी ती जिंकली आणि पुढील काही वर्षांत हे अजिंक्यपद एकूण सात वेळा मिळविले.

वेशीला पहिले खिंडार पडले ते कळ दाबून न धरल्यामुळे. यंत्राची चाल संथ असेल तर तिच्यावर विसंबावे कशाला? कळ स्वतःच पुनःपुन्हा दाबावी. मग जेवढे बोट चपळ तेवढा ठोकळा चपळ. निन्टेन्डोच्या १९९० सालच्या स्पर्धेत विजयी झालेले थॉर ऑकरलंड हे या पद्धतीचे आद्य उपासक होत. तिसाव्या पातळीत पाऊल टाकल्याची त्यांची नोंद २०११ साली झाली. पण हातावर असा ताण सोसणे इतरांना जमेना आणि ही रीत पुष्कळ काळ एकांडीच राहिली. मग २०१८ साली जोसेफ सेली हा सोळा वर्षांचा मुलगा स्पर्धेत उतरला. खेळ बाजारात आला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्याने हीच रीत अवलंबून अंतिम सामन्यात खुद्द न्यूबावर यांना हरविले. त्या दिवशी एक खेळाडू हरला एवढेच झाले नाही. यंत्राच्या विलंबाशी जमवून घेण्याची जी विद्या एका पिढीने वर्षानुवर्षे कमाविली होती, तिचे मोल एकाएकी उतरले. न्यूबावर जानेवारी २०२१ मध्ये अकाली निवर्तले. जुन्या विद्येचा सर्वांत मोठा आचार्य म्हणून त्यांचे नाव राहिले आहे.

२०२० च्या सुमारास ‘चीझ’ या टोपणनावाने खेळणाऱ्या खेळाडूने याहूनही विलक्षण तोडगा काढला. एका हाताचा अंगठा कळीवर नुसता टेकवून ठेवावयाचा आणि दुसऱ्या हाताची बोटे नियंत्रकाच्या पाठीवर एकामागून एक वाजवावयाची. तबलजीची बोटे तबल्यावर चालावीत तशी ती चालतात. दर टकोऱ्यासरशी नियंत्रकच अंगठ्याकडे ढकलला जातो आणि कळ दाबली जाते. या रीतीने सेकंदाला वीसहून अधिक वेळा कळ दाबता येते, आणि त्यात श्रमही कमी. नियंत्रक कसा धरावा याचा नियम कोठेच नव्हता. त्यामुळे कोणताही नियम मोडला गेला नाही, आणि तरीही तीस वर्षांची वेस पुसली गेली. तरुण खेळाडू चाळिसावी, साठावी, शंभरावी पातळी ओलांडून जाऊ लागले.

वेशीपलीकडे जे लागले तो प्रदेश रचनाकारांनी स्वप्नातही पाहिलेला नव्हता. तेथे कोणी पोहोचेल अशी अपेक्षाच नसल्यामुळे तेथील व्यवस्था कोणी तपासून पाहिली नव्हती. तिसाव्या पातळीपासूनच पातळीचा आकडा भलताच दिसू लागतो. ठोकळ्यांच्या रंगांचे दहा संच आहेत आणि ते पाळीपाळीने येतात. पण १३८ व्या पातळीपासून यंत्राचा हिशेब चुकतो आणि रंगांच्या यादीबाहेरची, भलत्याच कामासाठी ठेवलेली माहिती ते रंग समजून वाचू लागते. त्यामुळे चित्रविचित्र छटा निघतात. १४८ व्या पातळीला तर ठोकळे काळ्या पार्श्वभूमीवर जवळजवळ काळेच दिसतात आणि खेळाडूला अंधारात चाचपडावे लागते. हे कोणी कठीण व्हावे म्हणून रचलेले नाही. तरीही या काळोखाची स्वतंत्र तालीम करणारे खेळाडू निर्माण झाले.

यापुढचा धोका अधिक गंभीर होता. ओळ उडाली की यंत्राला गुण मोजावे लागतात; ओळींचे ठरलेले गुण आणि पातळीचा आकडा अधिक एक यांचा तो गुणाकार असतो. या यंत्राच्या मेंदूला गुणाकार थेट येत नाही. पाढे न येणाऱ्या कारकुनाने करावी तशी ते तीच बेरीज पुनःपुन्हा करते. पातळी जितकी वरची तितक्या बेरजा अधिक, आणि तितका वेळही अधिक. शेवटी अशी वेळ येते की हिशेब संपण्यापूर्वीच पुढची फ्रेम दाराशी येऊन उभी राहते. काम अर्धवट असताना दुसरे काम अंगावर पडते आणि यंत्र गोठून जाते. ग्रेगरी कॅनन यांनी रचलेल्या ‘स्टॅकरॅबिट’ या संगणकीय खेळाडूने २०२१ साली, खेळाच्या फेरफार केलेल्या आवृत्तीवर, २३७ वी पातळी गाठली, तेव्हा हे गोठणे प्रत्यक्ष दिसले. मग हौशी अभ्यासकांनी आज्ञावलीची पंक्ती न पंक्ती तपासली आणि कोणत्या पातळीला, किती ओळी उडविल्या असता, यंत्र बंद पडू शकते याची कोष्टके तयार केली. मूळ यंत्रावर हा संभव १५५ व्या पातळीपासून सुरू होतो.

जे तोवर केवळ संगणकाला साधले होते, ते २१ डिसेंबर २०२३ रोजी माणसाला साधले. ओक्लाहोमा राज्यातील, ‘ब्लू स्कूटी’ या टोपणनावाचा तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीला पोहोचला. १,५११ वी ओळ उडाली आणि पडदा स्तब्ध झाला. चौतीस वर्षांत प्रथमच माणसापुढे यंत्राने हात टेकले. वस्तुतः झाले होते ते एवढेच की बेरजेला वेळ पुरला नाही. पण ज्या खेळात शास्त्राप्रमाणे विजयच नाही, त्यात यंत्राचे कोसळणे हाच विजय, असा संकेत खेळाडूंनी ठरविला आणि जगाने तो मान्य केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकेल आर्टियागा या माजी जगज्जेत्याने, गोठण्याचा दोष काढून टाकलेल्या आवृत्तीवर, याहीपुढे मजल मारली. पातळीचा आकडा यंत्राच्या स्मृतीत २५५ पर्यंतच मावतो. तो ओलांडला की पुन्हा शून्य येते. या वाटेवर २३५ वी पातळी अशी आहे की, मोजणीतील दोषामुळे ती संपावयास दहाऐवजी ८१० ओळी लागतात. ती पार करून तो शून्य पातळीवर परत आला. भरधाव पडणारे ठोकळे पुन्हा अठ्ठेचाळीस फ्रेममध्ये एक घर या बाळपणीच्या चालीने उतरू लागले. खेळाडू या घटनेला ‘पुनर्जन्म’ म्हणतात.

विजयाबरोबर एक अडचणही उभी राहिली. जागतिक स्पर्धेत दोन खेळाडू समोरासमोर बसतात आणि अधिक गुणांचा जिंकतो. पूर्वी एकोणतिसावी पातळी दोघांचाही डाव आपोआप संपवीत असे. ती भिंत पडल्यावर डाव संपेचनात. सामना कौशल्यापेक्षा दमाचा होऊ लागला. तेव्हा २०२३ सालापासून संयोजकांनी फेरफार केलेली आवृत्ती वापरण्यास आरंभ केला. तीत एकोणचाळिसाव्या पातळीला वेग दुप्पट होतो आणि नवी भिंत उभी राहते. जुनी भिंत कोणी जाणूनबुजून बांधलेली नव्हती. नवी मात्र विचारपूर्वक बांधावी लागली. अपघाताने चाललेले काम कायद्याने चालवावे लागले, आणि आतापर्यंत केवळ यंत्राचा निवाडा मानणाऱ्या मंडळींना स्वतः विधिमंडळ व्हावे लागले.

विधी करण्याचा दुसरा मार्ग खेळाच्या मालकांनी याच्या कितीतरी आधी चोखाळला होता. पाजित्नोव्ह आणि हेन्क रॉजर्स यांनी १९९६ साली ‘टेट्रिस कंपनी’ स्थापिली आणि नव्या आवृत्त्यांसाठी समान दंडक घालून दिले. ठोकळे आता पिशवीतून काढल्यासारखे येतात: सातही एकेकदा आल्याशिवाय पिशवी पुन्हा भरत नाही. त्यामुळे दुष्काळ इतिहासजमा झाला. दोन दांड्यांच्या मध्ये बारांहून अधिक ठोकळे येऊच शकत नाहीत. भिंतीला खेटलेला ठोकळा किंचित सरकून फिरू शकतो. सरळ उतरून जेथे शिरता येणार नाही अशा खाचेत ‘टी’ आकाराचा ठोकळा ऐन वेळी फिरवून बसविण्याची करामत आता बक्षिसाला पात्र झाली आणि तिला वेगळे गुण मिळू लागले. पण लिहिलेल्या कायद्यालाही पळवाटा असतात. २००१ सालच्या ‘टेट्रिस वर्ल्ड्स’ या आवृत्तीत ठोकळा फिरवीत राहिल्यास तो तळाला टेकूनही घट्ट बसत नसे; खेळाडू हवा तितका वेळ विचार करीत बसू शके. या सवलतीवर जाणकारांनी पुष्कळ टीका केली.

चूक दुरुस्त करावी की जपावी, या प्रश्नाला टेट्रिसच्या इतिहासात एकच उत्तर मिळत नाही. व्यापारी आवृत्त्यांनी दैव सौम्य केले, स्पर्धकांनी वेस हलविली आणि विक्रमवीरांनी काळोखाची पातळीही तशीच राखली, कारण ती वगळली असती तर १५७ वी पातळी गाठण्याला काही मोल उरले नसते. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ असे जुने वचन आहे. येथे रूढी मुळात यंत्राच्या दोषांतून जन्मली. पण ती ओळखली, मोजली, पचविली आणि अखेरीस तिच्यात कोणता भाग ठेवावा नि कोणता टाकावा याचा निर्णय केला तो माणसांनी. मॉस्कोतील त्या कंसांच्या ठोकळ्यांना चाळीस वर्षे होऊन गेली, तरी मूळ शास्त्रात एका अक्षराचाही बदल झालेला नाही: ओळ भरावी, ती उडावी, ढीग माथ्याला लागू देऊ नये. बाकी सारा इतिहास जे लिहावयाचे राहून गेले त्याचा आहे.